मुठीतली बाही

हिंडाने तो कागद खळ ओली असतानाच भिंतीवरून सोलला आणि कोटाच्या आत घालून वर आणला. स्वयंपाकघराच्या टेबलावर, किसलेल्या बटाट्यांच्या परातीशेजारी तिने तो पसरला, तेव्हा त्याच्या कडांना अजून चुना चिकटलेला होता.

“वाच,” ती धाकट्या जावेला म्हणाली. “मनातल्या मनात वाच. पोरं बाहेर आहेत.”

ब्लुमाने हात पुसले आणि वाचलं. बोटभर जाडीची काळी अक्षरं. ‘पवित्र वंशाचा अंकुर पुसणारे हात कोणाचे? दोब्रिशच्या रेब्बेंचा पणतू चित्रातून नाहीसा! अश्मोरेत घरात घेणाऱ्याने आपण काय घरात घेतो याचा विचार करावा!’ खाली कोणाचंच नाव नव्हतं. असल्या कागदांवर ते कधीच नसतं.

‘अश्मोरेत’ म्हणजे त्यांचं घरचं साप्ताहिक. आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं, ब्ने ब्राक शहराच्या निम्म्या घरांत दर गुरुवारी जाणारं. आजचा अंक सकाळीच बाहेर पडला होता. पहिल्या पानावर दोब्रिश पंथाचे वृद्ध गुरू, रेब्बे, हनुका या दिव्यांच्या सणाचा पहिला दिवा लावत होते, आणि त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला नुसता गालिचा होता. लाल, निळ्या किनारीचा.

“पणतू?” ब्लुमा म्हणाली. “तिथे... तो मुलगा होता?”

“मुलगा! आणि असातसा मुलगा? दिवंगत थोरल्या रेब्बेंचं नाव ठेवलेला! गादी नातवाकडे जाणार की जावयाकडे, यावरून दोब्रिशमध्ये भाऊ भावाशी बोलत नाही. त्यात आपण नातवाचा मुलगा खुर्चीशेजारून उडवला. आता ऊर फुटेस्तोवर सांग, चूक झाली म्हणून. कोण ऐकतंय?”

ब्लुमा खुर्चीवर बसली.

तिसरा वाढदिवस होईपर्यंत मुलग्याच्या केसांना कात्री लागत नाही, हे तिला कोणी सांगायला हवं होतं? तिने स्वतःच्या मुलग्यांचे केस असेच खांद्यापर्यंत वाढवले होते, रोज विंचरले होते, डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून चापाने मागे अडकवले होते. रस्त्यात अनोळखी बायका ‘गोड आहे हो मुलगी’ म्हणायच्या आणि ती हसायची. आणि परवा संगणकासमोर बसून तिने तसल्याच एका डोक्यावरून गालिचा ओढला होता. किनारीची नक्षी अगदी नीट जुळवून.

घराच्या मागच्या खोलीत अंकाची पानं लावायचं काम तिचं होतं. मिर्ल, तिची थोरली, पाळण्यात होती तेव्हापासून. अंकात बाईचं चित्र जात नाही, मुलीचं जात नाही, बाईचं नावही जात नाही. लग्नाच्या, समारंभाच्या फोटोत जिथे जिथे बायका आणि मुली असतील तिथे तिथे ब्लुमा पडदा आणायची, फुलदाणी आणायची, खांब लांबवायची. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं: ‘मांडणी, ल. ग्लेझर.’ ल म्हणजे लेबिश, तिचा नवरा. तो बिचारा सकाळ-संध्याकाळ पोथी उघडून बसणारा माणूस. संगणक कुठून सुरू करतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“तुला कळलंच नाही?” हिंडाने विचारलं. “एवढं नेहमीचं काम तुझं.”

ब्लुमाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. आणि तिथेच थांबलं. कारण दुपारची प्रार्थना होऊन गेली होती.

तिचा नेम होता. दुपारच्या प्रार्थनेपासून आकाशात तारे दिसेपर्यंत कोणाबद्दल वावगा शब्द बोलायचा नाही, खरा असला तरी नाही. मिर्लचं लग्न जुळावं म्हणून तिने तो धरला होता. आणि लग्न जुळलं होतं. शनिवारी संध्याकाळी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस संपला की मुलाकडची माणसं येणार होती, दोन्ही आया मिळून ताट फोडणार होत्या आणि बोलणी पक्की व्हायची होती. पांढरं ताट फ्रिजवर आणून ठेवलेलंही होतं. मुलगा दोब्रिशचा. रेब्बेंच्या जुन्या सेवकाचा, रेब ओझर यांचा नातू.

तिचं लक्ष आपोआप त्या ताटाकडे गेलं. हिंडाचंही गेलं.

“हं,” हिंडा म्हणाली आणि बटाटे पिळायला लागली.

*

दरवर्षी हनुकाच्या आठव्या संध्याकाळी सगळं ग्लेझर घराणं याच घरात, सासरे रेब नफ्तालींकडे जमायचं. सुना बटाट्याचे लात्के तळायच्या, जामचे डोनट यायचे, नातवंडं भोवरे फिरवत जमिनीवर लोळायची. आज मात्र मुलांना वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे पाठवलं होतं, आणि बैठकीच्या खोलीत पुरुष उभेच होते. बसायचं कोणाला सुचलंच नाही. डोनटचा खोका तसाच बांधलेला पडला होता.

रेब ओझर येऊन गेले होते. स्वतः, काठी टेकत, चार मजले चढून. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

“दरबाराचा निरोप. दोन गोष्टी,” सासरे म्हणाले. रेब नफ्ताली मुळात मोठ्याने बोलणारा माणूस. आज ते हलकेच बोलत होते. “उद्या शब्बाथ लागायच्या आत वेगळं पान काढायचं. त्यावर तोच फोटो, जसा होता तसा. मुलाला कोणी बोट लावायचं नाही. आणि खाली, हे कोणी केलं त्याचं नाव. नाहीतर उद्यापासून दोब्रिशच्या एकाही घरात आपला अंक जायचा नाही.”

“आणि दोब्रिशच्या मागोमाग बाकीचे,” थोरला झुशा, हिंडाचा नवरा, म्हणाला. झुशा संपादक. दाढीत पांढरं डोकावायला लागलेला, बोलता बोलता टाचांवर वर-खाली होणारा. “ताते, पोस्टर बघितलंत? खाली आता तिसरं लागलंय. माझं नाव आहे त्यात. ‘जावयाचा मित्र’ म्हणे! एकेकाळी आम्ही एका बाकावर शिकलो, हा माझा गुन्हा.”

“म्हणूनच नाव द्यायचं.”

“द्यायचंच. पण कोणाचं?” झुशाने जीभ ओठांवरून फिरवली. “माझं नाव छापलं तर ते कबूल केल्यासारखं होईल की मुद्दाम केलं. झाली लढाई सुरू. पण मांडणी करणाऱ्याचं नाव छापलं तर ती नुसती हातचूक. आणि ते नाव तर दर आठवड्याला छापतोच आपण.”

सगळे लेबिशकडे बघायला लागले.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ब्लुमाला कढईतलं तेल तडतडल्यासारखं वाटलं. पण गॅस बंद होता.

“माझं?” लेबिश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं. “मी... बरं. त्याने घर वाचत असेल तर घाला माझं.”

“लेबिश!” सासूबाई, शेइना, कोपऱ्यातून म्हणाल्या. “अरे, शनिवारी तुझ्या पोरीचं ताट फुटायचंय. रेब ओझरच्याच नातवाशी!”

“मामे, ते समजून घेतील. साधी माणसं आहेत.”

“समजून घेतील? ज्याने त्यांच्या रेब्बेंचा पणतू पुसला, त्याची पोर ते सून म्हणून नेतील? ताट फुटेल रे, पण कोणाच्या डोक्यावर ते बघ.”

झुशा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “लेबिश, तुझ्या बायकोला सांग, फोटो परत आण म्हणावं. परीक्षक रेब फिशल थांबलेत, छापखाना थांबलाय.” घरात चारचौघांत तो भावजयीशी कधी सरळ बोलत नसे. फोनवर बोलायचा. परवा बोललाच होता.

ब्लुमाला ते बोलणं अक्षरन् अक्षर आठवत होतं. ‘खुर्चीच्या उजवीकडे दोन मुली राहिल्यात. काढ.’ ती म्हणाली होती, ‘लहानगीच्या पायांत मुलग्याचे जोडे दिसतात. एकदा विचारून घेता का?’ आणि तो म्हणाला होता, ‘लांब केस आहेत ना? मग? छापखाना माझ्या नावाने शंख करतोय, आणि तू जोडे मोजत बसलीस.’

ती बाहेर बघायला लागली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, त्यांच्यामागे आकाश अजून जांभळं. तारा नव्हता. एकसुद्धा नव्हता.

‘सांग,’ तिचं मन म्हणत होतं. ‘तुझ्या पोरीसाठी सांग.’ आणि तेच मन म्हणत होतं, ‘नेम कोणासाठी धरलास? त्याच पोरीसाठी ना?’

तिने वळून पाहिलं, तर मिर्ल मागेच उभी. कधी आली कोण जाणे. हातात डोनटवर भुरभुरायच्या पिठीसाखरेचा डबा, आणि चेहरा त्या साखरेहून पांढरा.

“बाबांचं नाव?” मिर्ल कुजबुजली. “मामे, ते तर तुझं काम आहे. मग बाबांचं का?”

“कारण माझं छापता येत नाही,” ब्लुमा म्हणाली. एवढं बोलणं नेमात बसत होतं.

*

पहिला तारा सासूबाईंनी पाहिला. त्यांची नजर म्हातारपणीही घारीची.

“दिसले तारे. नफ्ताली, दिवे लावा. जग बुडालं तरी दिवे लावा.”

खिडकीतल्या काचेच्या पेटीत आठ वाट्या तेलाने भरलेल्या होत्या. रेब नफ्तालींनी आशीर्वाद म्हटले. दुसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज फाटला आणि लेबिशने तो धरून पुढे नेला. आठ ज्योती उभ्या राहिल्या. गाणं म्हणायला सुरुवात झाली आणि मधेच विरून गेली.

“चला,” झुशा टाळी वाजवून म्हणाला. “लेबिश, बायकोला सांग, बस म्हणावं संगणकावर. पान लगेच पाहिजे.”

“ती बसणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः खुर्ची ओढून दिव्यांसमोर बसल्या होत्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. “दिवे तेवताहेत तोवर या घरातली बाई काम करत नाही. माझ्या आईने केलं नाही, तिच्या आईने केलं नाही. हनुकाचा चमत्कार बायकांच्या हातूनही घडला होता. हिंडा, बैस. ब्लुमा, बैस.”

“मामे! छापखाना—”

“छापखान्याला सांग, तेल भरपूर घातलंय.”

दोघी जावा बसल्या. मिर्ल आजीच्या पायाशी बसली. पुरुष उभे, बायका बसलेल्या, आणि मधे ते आठ दिवे. त्या घरात असं दृश्य कोणी पाहिलं नसेल. वेळ होता, आणि करण्यासारखं काही नव्हतं.

ब्लुमाने हळूच श्वास घेतला. आता बोलता येत होतं. पण काय बोलायचं? नेम संपला म्हणजे शास्त्र थोडंच संपतं. दुसऱ्याचं वाईट उघडं करायचं नाही, हे दिवसाचे चोवीस तास लागू असतं. घात टळणार असेल तरच, आणि तेवढंच. आधी त्या माणसाला स्वतःला सांगायची संधी द्यायची, मग.

“रेब झुशा,” ती म्हणाली.

झुशा दचकला. लेबिशही दचकला.

“सगळ्यांसमोर एकच विचारते. परवा फोनवर मी तुम्हाला काय विचारलं होतं?”

झुशाच्या टाचा जमिनीला टेकल्या त्या टेकल्याच.

“रोज शंभर फोन होतात,” तो म्हणाला. “मला काय आठवणार?”

“मला आठवतंय,” हिंडा म्हणाली.

तिने दिव्यांवरची नजर काढली नव्हती. एरवी टोमणे मारणारी, घरात जिच्या तोंडाला सगळे भितात ती हिंडा इतक्या हलक्या आवाजात बोलली की सासूबाई पुढे वाकल्या.

“मी शेजारीच होते. सूप वाढत होते. ती म्हणाली असणार, मुलगा आहे का बघा. कारण हे म्हणाले, लांब केस आहेत ना? जोडे मोजत बसलीस म्हणाले. फोन ठेवला आणि मला म्हणाले, सूप गार आहे.”

“हिंडा!”

“गार नव्हतं.”

“तू माझी बायको आहेस!”

“म्हणूनच सकाळपासून गप्प होते. कागदही मीच सोलून आणला, कोणी वाचू नये म्हणून. पण माझ्या घरात सगळ्या पोरीच आहेत, झुशा. उद्या त्यांनाही कोणाच्या घरी जायचंय. आज मिर्लच्या बापाचं नाव विकून आपण सुटलो, तर उद्या त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार?”

मिर्ल रडायला लागली, आवाज न करता. रेब नफ्ताली भिंतीला टेकले. त्यांनी थोरल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच कोणाचा मुलगा आपल्या खोलीत येऊन उभा राहिलाय.

“खरं आहे हे?”

“ताते, माझं नाव छापलं तर लढाई होईल हेही खरंच आहे,” झुशा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “मला वाटलं मुलगी. देवाशपथ मुलगीच वाटली. मी मुद्दाम केलं नाही.”

“तसं कोण म्हणतंय? पण फोनवर तुम्ही दोघेच होता असं वाटलं तुला? ऐकणारा आणखी एक असतो.” म्हातारा वर बोट दाखवणार होता, पण हात अर्ध्यातच खाली आला. “तुझं नाव. आणि त्याच्याखाली माझं. लढाई झाली तर झाली.”

“हात माझा होता,” ब्लुमा म्हणाली. “माझंही घाला.”

खोलीच्या दाराशी इतका वेळ उभे असलेले रेब फिशल खाकरले. रब्बींच्या मंडळाने नेमलेले परीक्षक. त्यांचा शिक्का पडल्याशिवाय अंकाचं एकही पान छापायला जात नसे. “ते... बाईचं नाव छापता येत नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे.”

“चूक करता येते,” सासूबाई म्हणाल्या, “छापता येत नाही. बरं आहे बाई आमचं.”

आणि तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

मिर्लने धावत जाऊन उचलला; तिला वाटलं मुलाकडचे. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. “मामे, तुला. नाव सांगत नाहीत. म्हणतात, पानं लावणाऱ्या बाईंना बोलवा.”

ब्लुमाने फोन कानाला लावला.

“मी त्याची आई,” पलीकडचा आवाज म्हणाला. तरुण होता, आणि इतका शांत की अंगावर काटा यावा. “घाबरू नका. मला तुमचं नाव नकोय. नाव माझ्या सासरच्यांना हवंय.”

“बाई आहे हे कसं कळलं तुम्हाला?”

“गालिच्यावरून. किनारीचा प्रत्येक टाका जुळवलाय. पुरुष एवढा वेळ देत नाहीत.” ती पुढे म्हणाली, “त्याला आम्ही आठवडाभर सांगत होतो, तू दिसशील, रेब्बेंच्या शेजारी दिसशील. सकाळी अंक आला. त्याने पान बघितलं. मग पान उलटून मागे बघितलं. मग टेबलाखाली वाकून बघितलं. मग मला म्हणाला, मी कुठे आहे?”

ब्लुमाने दाराची चौकट धरली.

“रडायला लागला. तर त्याची बहीण त्याला काय म्हणते ठाऊक आहे? रडू नकोस, मला तर नेहमीच काढतात. दुखत नाही, म्हणाली.”

खोलीतले सगळे ब्लुमाकडे बघत होते. पलीकडे काय चाललंय ते कोणाला ऐकू येत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता.

“एवढंच विचारायचं होतं,” आवाज म्हणाला. “काढण्याआधी तुम्ही पाहिलं होतं का त्याला?”

“पाहिलं होतं,” ब्लुमा म्हणाली. “जोडे पाहिले होते. डाव्या जोड्याचा पट्टा सुटला होता.”

“हो. तो नेहमी सोडतो.” आता पहिल्यांदा तो आवाज हलला. “आणि तिला?”

ब्लुमाने आठवायचा प्रयत्न केला. केस? फ्रॉकचा रंग? उंची? काहीच वर येईना. जोड्यांवर तिची नजर अडकली होती, कारण शंका आली होती. दुसरीबद्दल शंका नव्हती. दुसरी मुलगीच होती.

“तिला नाही पाहिलं,” ती म्हणाली.

फोन ठेवल्याचा आवाज झाला. रागाने आपटलेला नव्हता, हळूच ठेवलेला.

इतक्या वर्षांत असा फोन तिला कधीच आला नव्हता. इतक्या मुली, इतके पडदे, इतक्या फुलदाण्या, आणि कुठल्याच आईने विचारलं नव्हतं, माझं मूल कुठे आहे म्हणून. तिने स्वतःसुद्धा नाही. मिर्लच्या शाळेच्या समारंभाचा फोटो तिनेच लावला होता. तिथे तिने द्राक्षाचा वेल चढवला होता.

ती परत येऊन दिव्यांसमोर बसली. सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. एकेक ज्योत खाली बसत गेली, शेवटची थोडा वेळ निळी होऊन थरथरली आणि धूर सोडून विझली.

“जा आता,” सासूबाई म्हणाल्या.

*

मूळ फोटो उघडला तेव्हा ब्लुमाने आधी तिला पाहिलं.

पाच-सहा वर्षांची. निळ्या मखमलीचा फ्रॉक, मनगटाशी चुणीदार बाही. पुढचा एक दात पडलेला, तरी हसू आवरलेलं नाही. आणि तिच्या बाहीत भावाची मूठ, घट्ट, गर्दीला घाबरलेली. दिवा सगळे बघताहेत, तो मात्र बहिणीकडे बघतोय.

दारापलीकडे खुर्ची टाकून बसलेले रेब फिशल म्हणाले, “मुलगा परत आला का?”

“आला.”

“दुसरी राहू नये.”

“मुलगी काढायची, पण मुलाला बोट लावायचं नाही. असंच ना?”

“असंच.”

ब्लुमाने काम सुरू केलं. निळा फ्रॉक गेला. पडलेला दात गेला, हसू गेलं. या वेळी ती प्रत्येक गोष्ट आधी नीट बघत होती आणि मगच त्यावर गालिचा ओढत होती. मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होती, जसं आजाऱ्यासाठी म्हणतात तसं. शेवटी मुलग्याच्या मुठीपाशी ती आली आणि तिने हात मागे घेतला.

छापून काढलेलं पान तिने मिर्लच्या हाती दाराबाहेर पाठवलं. मग रेब फिशल म्हणाले, “हे काय आहे? याच्या मुठीत?”

“त्याची मूठ आहे, रेब फिशल. ती सोडवायची तर त्याची बोटं नव्याने काढावी लागतील. त्याला बोट लावू नका असा दरबाराचा निरोप आहे.”

“पण हे निळं... ही बाही आहे. नुसती बाही. हवेत.”

“हो.”

“उद्या अख्खं गाव विचारेल, बाही कोणाची म्हणून.”

“विचारू दे,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही सांगते.”

दारापलीकडे चष्म्याच्या काड्या मिटल्याचा आवाज आला. रेब फिशलना नऊ मुली होत्या, हे ब्लुमाला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही. शिक्का कागदावर पडला तो मात्र नेहमीपेक्षा जोरात पडला.

*

शुक्रवारी सकाळी पान भिंतीभिंतीवर लागलं. खाली दोन नावं, झुशा ग्लेझर आणि नफ्ताली ग्लेझर. पोस्टरवाल्यांनी त्याच्या शेजारी दुपारपर्यंत आणखी दोन कागद चिकटवले, एक नातवाच्या बाजूचा, एक जावयाच्या बाजूचा. झुशा दिवसभर घराबाहेर पडला नाही आणि हिंडाने त्याला सूप खोलीत नेऊन दिलं. पुढे काय होणार ते कोणालाच कळत नव्हतं. मात्र बेकरीसमोर माणसं पानापाशी थांबत होती, पुढे वाकत होती, आणि एकमेकांना काहीतरी विचारत होती.

ब्लुमा शब्बाथच्या पावासाठी पीठ वळत होती तेव्हा फोन वाजला. रेब ओझरच्या सुनेचा. “शनिवारी ताट मी आणते,” ती तुटकपणे म्हणाली, “तुमचं राहू दे. आमचं जाड आहे, नीट फुटतं.” आणि ठेवला. मिर्लने फ्रिजवरचं पांढरं ताट उतरवून छातीशी धरलं आणि ती तशीच स्वयंपाकघरात गोल फिरली.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ जवळ आली तेव्हा फोन पुन्हा वाजला. ब्लुमाचे हात पिठाचे होते. मिर्लने रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. पलीकडे आधी कुजबुज झाली, कोणीतरी कोणालातरी पुढे ढकललं, आणि मग दात पडल्यामुळे शब्दांतून वारा सोडणारा एक बारीक आवाज आला.

“ती बाही माझी आहे.”

ब्लुमाने पिठाच्या हातांनीच रिसीव्हर धरला.

“ऐकू येतंय का? फोटोतली. निळी. माझी आहे.”

“हो, बाळा,” ब्लुमा म्हणाली. “तुझीच आहे. मी पाहिलंय.”